ओल्या पोटाची टिटवी

शाळांच्या पक्षिनिरीक्षण सहलींना मार्गदर्शक म्हणून मी बरीच वर्षे जात आहे. शिक्षकांच्या हातात बहुधा पक्ष्यांच्या नावांचा तक्ता असतो आणि किती नावांपुढे खूण झाली यावर सहलीचे यश ठरते. मला ही पद्धत फारशी पटत नाही, कारण नाव लिहून झाले की मुलांची नजर लगेच पुढच्या पक्ष्याकडे वळते. उन्हाळ्याच्या तोंडावर सातवीच्या मुलांना एका तळ्यावर नेले, त्या दिवशी मात्र तक्ता अर्ध्यावरच राहिला.

सकाळी बगळे, शेकाट्या, पंख पसरून वाळवत बसलेला पाणकावळा असे नेहमीचे पक्षी दिसले. मग काठावरच्या खडकाळ माळावर पाऊल टाकताच एक टिटवी ओरडत आमच्या डोक्यावर घिरट्या घालू लागली. मुलांना गंमत वाटली. मी मात्र सर्वांना आल्या वाटेनेच मागे फिरायला सांगितले. विणीच्या काळात टिटवी अशी अंगावर येते तेव्हा अंडी किंवा पिल्ले जवळपास असतात, आणि उघड्या जमिनीवरच्या खळग्यातली तिची मातकट, काळपट डागांची अंडी पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत.

आम्ही लांबच्या एका झाडाखाली बसलो. टिटवी गप्प झाली, चार पावले चालली, थबकली, भलत्याच दिशेला गेली आणि अखेर खड्यांमध्ये बसली. दुर्बिणीतून तिच्या डोळ्यांपुढची लाल मांसल पट्टी आणि अंगाखाली दुमडलेले पिवळे पाय स्पष्ट दिसत होते. (मुलांना मी आठ पटींचीच दुर्बीण देतो, दहा पटींच्या दुर्बिणीत हाताचा कंपही तेवढाच वाढून दिसतो.)

ऊन चढले तशी ती उठून पाण्यावर जायची आणि लगेच परतायची. ती तहानलेली असावी, असे शिक्षकांनी सांगितले. एक मुलगी डोळ्यांवरची दुर्बीण न काढताच म्हणाली, "सर, ती पाणी पीत नाहीये. नुसतं पोट बुडवतेय." पुढच्या खेपेला सर्वांनी पाहिले: टिटवी उथळ पाण्यात उतरली, खाली बसून तिने छाती-पोटाची पिसे भिजवली आणि ओल्या अंगाने अंड्यांवर जाऊन बसली. कडक उन्हात अंडी तापून आतला जीव मरू नये म्हणून टिटव्या असे करतात, हे मी पुस्तकातून मुलांना सांगू शकलो असतो. पण त्या मुलीने ते स्वतःच शोधले होते.

त्यानंतर मुलांनी तक्त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर प्रत्येक खेपेची वेळ लिहायला सुरुवात केली. थोड्याच वेळात वाद पेटला: पाण्यावर जाणारी टिटवी एकच की दोघे आळीपाळीने जातात? अंडी नर आणि मादी दोघेही उबवतात आणि दोघे दिसायलाही सारखेच, त्यामुळे पाळी बदलताना दोघे एकाच वेळी नजरेस पडल्याशिवाय निवाडा होणार नव्हता. कोणाची तरी नजर सतत घरट्यावर राहावी म्हणून मुलांनी आपसांत पहारे वाटून घेतले. बसची वेळ झाल्याचे शिक्षकांनी दोनदा सांगितले तरी कोणी जागचे हलेना. अखेर दुसरी टिटवी चालत घरट्यापाशी आली, बसलेली उठून पाण्याकडे उडाली, आणि वाद मिटल्यावरच मुले बसकडे निघाली.