मॅग्डेबर्गचा शिपाई

आज दिवसभर तीस वर्षांच्या युद्धाची, म्हणजे सतराव्या शतकात युरोपात धर्मावरून पेटलेल्या लढायांची, टिपणं काढत होते. राजे, तह, कॅथलिक, प्रोटेस्टंट. दुपारी पेटर हागेनडॉर्फपाशी आले आणि पुढे जाववेना.

हा भाडोत्री शिपाई. त्याची रोजनिशी जवळपास साडेतीनशे वर्षांनी बर्लिनच्या ग्रंथालयात सापडली. २० मे १६३१, मॅग्डेबर्ग, जर्मनीतलं प्रोटेस्टंट शहर. कॅथलिक सम्राटाच्या फौजेतून तो शहरात घुसतो आणि दोन गोळ्या लागून पडतो. छावणीत आजारी लेकरू शेजारी. जखमा बांधायला कापड हवं म्हणून बायको जळत्या शहरात जाते, अंथरूण आणि दारू घेऊन परतते. त्या दिवसांत जवळपास २०,००० माणसं मेली. आणि हा लिहितो, एवढं सुंदर शहर जळताना मनापासून वाईट वाटलं.

शहर जाळणाऱ्या फौजेतलाच माणूस! पुढे कैद झाल्यावर तो समोरच्या, प्रोटेस्टंट बाजूच्या स्वीडिश सैन्यातही लढला. धर्मयुद्ध म्हणतो आपण, पण याच्या पानांत पायपीट, भाकरी आणि एकामागून एक पुरलेली मुलंच जास्त.

तह झाला १६४८ साली. पुढच्या वर्षी तो आल्टहाइमला गेला, मास्तरांकडे ठेवलेल्या मुलाला परत आणायला. तिथे वही मिटली मी. डोळे भरून आले होते.