शीट्सचा ग्रुप सोडवला का? आधी ते बघा

आमच्या सोसायटीचा हिशोब दोन वर्षं माझ्याकडे आहे, एक्सेलची एकच फाइल, एप्रिल ते मार्च 12 शीट्स आणि शेवटी वार्षिक गोषवारा. मागच्या आठवड्यात ऑडिटसाठी लिफ्टच्या एएमसीची (वार्षिक देखभाल कराराची) ओळ सगळ्या महिन्यांत घालायची होती, म्हणून एप्रिलच्या टॅबवर क्लिक केलं, शिफ्ट दाबून मार्चवर क्लिक केलं, बाराही शीट्स सिलेक्ट झाल्या (यालाच शीट्सचा ग्रुप म्हणतात, एका शीटवर टाकलं की सगळ्यांत जातं) आणि एकदाच टाइप केलं. दोन मिनिटांत काम झालं. मग जूनच्या शीटवर जाऊन टँकरचं बिल दुरुस्त केलं, 14,500 टाकले, सेव्ह करून लॅपटॉप बंद केला.

संध्याकाळी कमिटीतल्या काकू हिशोब बघायला आल्या आणि डिसेंबरच्या शीटवर थांबल्या. "अरे, डिसेंबरमध्ये कुठे टँकर आला होता आपल्याकडे?" बघतो तर बाराही महिन्यांत 14,500! माझे हातपायच गार पडले. लोकांच्या पैशांचा हिशोब आहे हो. काकू इतकी वर्षं बँकेत होत्या, त्यांनी लगेच वर बोट दाखवलं, फाइलच्या नावापुढे 'ग्रुप' असं लिहिलेलं होतं.

मला वाटायचं दुसऱ्या टॅबवर गेलं की ग्रुप आपोआप सुटतो. तो सुटतो, पण तो टॅब ग्रुपच्या बाहेरचा असला तरच, आणि मी दिवसभर ग्रुपमधल्याच महिन्यांत फिरत होतो. आता मी सरळ टॅबवर राइट क्लिक करून 'अनग्रुप शीट्स' करतो. फाइल बंद केलेली असल्यामुळे कंट्रोल झेडचा काही उपयोग नव्हता, सगळी बिलं काढून एकेक महिना परत भरला, काकू आकडे वाचत होत्या आणि मी टाकत होतो.

ओळींचं अनग्रुप वेगळं बरं का. गोषवाऱ्यात मी खर्चाच्या 8 ते 15 ओळी ग्रुप करून मिटून ठेवल्या होत्या. ऑडिटरला सगळं उघडं दिसावं म्हणून त्या सिलेक्ट करून शिफ्ट, ऑल्ट आणि डावा बाण दाबला (डेटा टॅबमध्येही अनग्रुप आहे), अधिकचं चिन्ह गेलं पण ओळी काही दिसेनात, 7 नंतर थेट 16. मिटलेल्या असताना अनग्रुप केलं की त्या लपलेल्याच राहू शकतात, डेटा कुठे जात नाही. 7 ते 16 सिलेक्ट करून राइट क्लिक, अनहाइड, की आल्या परत. म्हणून आधी अधिकवर क्लिक करून उघडा, मग अनग्रुप करा.

आणि फाइल दुसऱ्याला पाठवत असाल तर सेव्ह करायच्या आधी वरचं नाव एकदा बघाच, कारण ग्रुप तसाच सेव्ह होतो आणि समोरच्याने फाइल उघडून एक आकडा जरी बदलला तरी तो सगळ्या महिन्यांत जातो, आणि त्या बिचाऱ्याला कळतही नाही.