मॅडम, मग तुम्ही डोळ्यांच्या डॉक्टर का नाही झालात?

निवृत्तीच्या निरोप समारंभात पुन्हा तेच. सेकंड एमबीबीएसच्या एका मुलाने माईक हातात घेऊन विचारलं, "मॅडम, आयुष्यभर ॲनाटॉमी, म्हणजे शरीररचना शिकवलीत, संशोधन मात्र सगळं डोळ्यावर. मग सरळ डोळ्यांच्याच डॉक्टर का नाही झालात?" मी नेहमीचं उत्तर दिलं, नंबर लागला नाही. सगळे हसले. तिकडे पानं वाढून तयार होती, आम्ही जेवायला गेलो.

हे उत्तर खोटं नाही. आमच्या वेळी मराठवाड्यात सरकारी मेडिकल कॉलेजं दोनच, औरंगाबाद आणि अंबाजोगाई. नांदेडचं १९८८ साली निघालं. नेत्रविभागात पीजीच्या, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या शिक्षणाच्या, जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. मी यादीत जेमतेम दोन नंबरांनी मागे राहिले. ॲनाटॉमीच्या जागा मात्र ओस पडलेल्या, आणि तिथे पगाराची नोकरी लगेच मिळत होती. वडील प्राथमिक शिक्षक, माझ्या पाठच्या दोघी बहिणी लग्नाच्या. चुलते म्हणाले, "मेलेल्या माणसांची डॉक्टर होऊन काय करतीस?" मी म्हणाले, एक वर्ष काढते, पुढच्या यादीत बघू.

पुढची यादी लागली तेव्हा मी अर्जच केला नव्हता. हे मी कुणाला सांगत नाही.

का नव्हता केला? त्या वर्षात माझ्या हाती बकऱ्याचा डोळा आला होता. फॉर्मॅलिनमधल्या देहाचे डोळे खोल बसलेले असतात, चिरले तर हाती काही लागत नाही. म्हणून मुलांना शिकवायला ताजे डोळे खाटकाकडून आणायचे. मी सकाळी सातला बर्फाचा थर्मास घेऊन खाटीक गल्लीत उभी असायची. लोकांना वाटायचं, मास्तरांची मोठी पोरगी रोज मटण खाते. बुबुळावरची पारदर्शक काच, म्हणजे कॉर्निया, गोल कापून घ्यायची, आतली बाजू वर करून ठेवायची, ट्रायपॅन ब्लू या रंगाचे दोन थेंब, मग ॲलिझरीन रेड हा दुसरा रंग, मग सलाइनने धुवायचं. मायक्रोस्कोपखाली मधमाश्यांचं पोळं दिसतं. एकाला एक लागून बसलेल्या षट्कोनी पेशी, एकच थर. कॉर्नियात शिरणारं पाणी हा थर अखंड बाहेर काढत असतो, म्हणून आपल्याला आरपार दिसतं. माणसाच्या या पेशी मेल्या की त्यांच्या जागी नव्या येत नाहीत. शेजारच्या अंग पसरून जागा भरतात. मोठ्या माणसात एका चौरस मिलिमीटरमध्ये अडीच हजारांच्या आसपास असतात. ते पहिल्यांदा दिसलं त्या दिवशी मी जेवायला विसरले. आणि विसरले ते बरंच झालं, असं मला अजून वाटतं.

आमच्या भागात डोळा म्हटलं की लोकांना तात्याराव लहाने आठवतात. आठवावेतच, लातूर जिल्ह्यातल्या खेड्यातला माणूस, लाखावर ऑपरेशनं केली. पण त्यांचं नाव घेऊन "आणि तुम्ही नुसत्या पेशी मोजता" असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. ॲनाटॉमीत शोधायचं काय उरलंय, असंही विचारतात. अर्धा मिलिमीटर जाडीचा कॉर्निया. त्याचे थर पाच, हे आम्ही पाठ केलं, पाठ करून घेतलं. २०१३ साली नेत्रतज्ज्ञ हरमिंदर दुआंनी सहावा दाखवला, काही मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या काही हजारांशांचा. तो वेगळा थर धरायचा की नाही यावर वाद आहे, तो असू दे. पण शोधायचं उरलं नाही असं निदान माझ्यासमोर म्हणू नका.

हे सगळं मी तावातावाने बोलते, आणि बोलताना मला आत्या आठवते.

१९९६ चा फेब्रुवारी, शाळू काढणीचे दिवस. आत्या धारूरजवळच्या एका वाडीत राहायची. काढणीत तिच्या उजव्या डोळ्यात कुसळ गेलं. म्हणीतलं नव्हे, खरंखुरं. शेजारणीने पदराच्या टोकाने काढलं. डोळा लाल झाला, गळायला लागला, तेव्हा गावातल्या एकाने थेंबांची बाटली दिली. आठवड्याने आत्या एसटीने माझ्याकडे आली. घरी नाही, थेट डिसेक्शन हॉलच्या दारात. आत टेबलांवर देह, बाहेर ही डोक्यावर पदर घेऊन उभी. "तू डोळ्याची डॉक्टर ना माय, बघ बरं."

मी तिला खिडकीशी नेलं, टॉर्च मारला. बुबुळावर ज्वारीच्या दाण्याएवढा राखाडी डाग होता. कड जराशी पिसासारखी. पण लाली फार नव्हती. मी विचारलं, दुखतं का? "पहिल्यांदा लई ठणकायचा. आता बरं वाटायलंय." मला चार दिवसांनी परिषदेत पेपर वाचायचा होता, स्लाइड अर्ध्याच झाल्या होत्या. कशावर पेपर, ते वेगळं सांगायला नको. मी म्हणाले, उतार पडतोय आत्या, औषध चालू ठेव, मी आले की आपण डोळ्यांच्या विभागात दाखवू.

औषध चालू ठेव, हे मी म्हणाले. कोणतं औषध, हे विचारलं नाही.

बाटली तिच्या कमरेच्या चंचीत होती, पान-तंबाखूशेजारी. मी परत आल्यावर ती मला दिसली. पांढरी, अंगठ्याएवढी, टोकाला बाभळीच्या काट्याने भोक पाडलेलं. स्टेरॉइडचे थेंब होते. शेतातली जखम, त्यातून बुरशी, आणि वर स्टेरॉइड. लाली उतरते, ठणका कमी होतो, माणसाला बरं वाटतं, आणि आत बुरशी मोकाट वाढते. तोवर कॉर्नियाच्या मागे तळाशी पुवाची पांढरी कड साचली होती. नेत्रविभागातल्या सहकाऱ्याने जखमेचा खरवड काचेवर घेतला, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला आणि मला म्हणाला, "मॅडम, बघून घ्या." मायक्रोस्कोपशी बसायची माझी सवय, मी बसले. बुरशीचे फांद्या फुटलेले धागेच धागे. ज्या पेशी मी मोजते त्यांच्यापासून ते किती दूर असतील, असा हिशेब डोक्यात चालू झाला. त्या क्षणीसुद्धा.

बुरशीचं औषध तासातासाला घातलं. कॉर्निया फुटला. शेवटी डोळा आतून रिकामा करावा लागला.

वर्गात मी सोळाव्या शतकातल्या शरीररचनाकार वेसेलियसची गोष्ट सांगायचे. स्वतःच्या हाताने देह चिरून बघणारा माणूस, १५४३ च्या ग्रंथात डोळ्याचं भिंग मात्र अगदी मधोमध काढून ठेवलं, कारण जुन्या लोकांनी तसं सांगितलं होतं. खरं ते पुढच्या बाजूला असतं. मुलं हसायची, मीही हसायचे. त्या वर्षी तो भाग मी गाळला. पुढे पुन्हा सांगायला लागले. गोष्ट चांगली आहे.

आता तुमचा प्रश्न. नेत्रविभागात जागा मिळाली असती तर आत्याचा डोळा वाचला असता का? बरीच वर्षं मी हो म्हणायचे आणि त्या गाळलेल्या अर्जावरून स्वतःला शिव्या घालायचे. मग एकदा लक्षात आलं, बाटली बघायला डोळ्यांचा डॉक्टर लागत नाही. शेतातली जखम आणि स्टेरॉइड हे एमबीबीएसला शिकवतात, इंटर्नसुद्धा विचारतो. म्हणजे दोष शाखेचा नाही, माझा. मग वाटतं, दहा वर्षं जिवंत रोगी समोर न आल्याने ती सवयच मोडली असेल, म्हणजे शेवटी दोष शाखेचाच. हे असं उलटसुलट चालू राहतं. रात्री एक वाटतं, सकाळी दुसरं. आणि इतकं होऊनही, तीच यादी पुन्हा लागली तर मी अर्ज करेन का, हे मला छातीठोक सांगता येत नाही.

आत्याने मला कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. काळा चष्मा लावून ती लग्नाकार्यात सगळ्यांना सांगायची, "ही माझी भाची, डोळ्याची डॉक्टर." तिच्या शेजारी बसून मी मान खाली घालून जेवायचे.

२००९ मध्ये तिच्या उरलेल्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. म्हणाली, "दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही, तूच कर." एकुलता एक डोळा, आणि माझ्या हाताला चिरायची सवय फक्त मेलेल्यांना. मला ते येत नाही, असं तिला पहिल्यांदा सांगितलं. ती बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "मग नुसती जवळ उभी राहा." ऑपरेशन सहकाऱ्याने केलं. मी मास्क लावून तिच्या पायाशी उभी होते.

दुसऱ्या दिवशी पट्टी सोडली. तिने डोळा मिचकावला, खिडकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बराच वेळ बघत राहिली.

"अगं माय," म्हणाली, "तू किती म्हातारी दिसायलीस."