ब्रह्मकमळ प्लेट: ब्रॅक्ट अखेर जमले

ब्रह्मकमळाची प्लेट, म्हणजे झाडाचं बिनचूक अभ्यासचित्र, मी जलरंगात करतेय. मागच्या वेळी जिथे घोडं अडलं होतं, ते वरचे ब्रॅक्ट (फुलांना झाकणारी पातळ पानं) काल रात्री मनासारखे उतरले. रात्री उशिरा दिवा बंद केला, पुन्हा लावला आणि पुन्हा पाहिले. आहेत, खरंच आरपार दिसतायत! (नव्याने आलेल्यांसाठी: प्लेट सॉसुरिया ऑब्वालाटाची आहे, हिमालयातल्या ब्रह्मकमळाची. आपल्या कुंड्यांतला रात्री फुलणारा निवडुंग वेगळा.)

हे ब्रॅक्ट म्हणजे नुसती सजावट असती तर मी इतकी हटून बसले नसते. ३,००० ते ४,८०० मीटरवर, जुलै ते सप्टेंबर, म्हणजे ऐन ढगापावसात हे झाड फुलतं. फिकट पिवळसर हिरवे, पातळ, खोलगट ब्रॅक्ट जांभळ्या स्तबकांचा (बारीक फुलांच्या गेंदांचा) गुच्छ झाकून घेतात. पराग भिजत नाहीत, आणि ऊन पडलं की आतली हवा बाहेरच्यापेक्षा गरम होते. उजेड आत सोडणं हे त्या ब्रॅक्टचं कामच आहे. चित्रात ते अपारदर्शक दिसले तर बाकीचं कितीही बिनचूक असो, झाड चुकलंच.

आधी ब्रॅक्ट रंगवून त्यावर जांभळ्याचा ग्लेज (पातळ पारदर्शक थर) दिला, तर स्तबकं बाहेरून चिकटवल्यागत दिसली. उलट क्रमाने केलं, स्तबकं आधी आणि वर पांढरा मिसळलेला पिवळा, तर सगळं खडूसारखं मळकट. ओल्यावर ओलं नेलं की पिवळा-जांभळा एकमेकांत मरून तपकिरी चिखल. हर्बेरियम शीटचाही इथे उपयोग नाही. दाबून वाळवलेला ब्रॅक्ट तपकिरी होतो, त्यातून काही दिसत नाही.

उत्तर मिळालं ते उत्तराखंडातल्या हेमकुंडच्या वाटेवरच्या एका फोटोत. ऊन झाडाच्या मागून येतंय. स्क्रीनवर मोठा करून पाहिला, तर जे स्तबक ब्रॅक्टला आतून टेकलंय, त्याच्या छदांच्या (स्तबकाभोवतीच्या खवल्यांच्या) काळपट जांभळ्या कडासुद्धा स्पष्ट. त्याच्या जरासं मागे असलेलं स्तबक मात्र नुसता धूसर डाग. मिठाईच्या खोक्यातला बटर पेपर आठवा: पेढ्याला चिकटतो तिथेच पेढा नीट दिसतो. म्हणजे प्रश्न रंगाचा कमी आणि कडांचा जास्त होता.

मग असं केलं: टेकलेली स्तबकं ड्राय ब्रशने (जवळपास कोरड्या ब्रशने), कडा धारदार. मागची वेट-ऑन-वेट (ओल्यावर ओलं), कडा विरघळलेल्या. रात्रभर वाळू दिलं. त्यावर पीवाय १५० (पारदर्शक पिवळा) आणि किंचित हिरवा, अगदी पाणीदार, एकच हात. ब्रश माघारी न्यायचा नाही. जिथे दोन ब्रॅक्ट एकमेकांवर येतात तिथेच दुसरा हात. शिरा सगळ्यात शेवटी, कारण मागून उजेड आला की त्या पापुद्र्याहून गडद दिसतात. कॅडमियम पिवळा या कामाला अजिबात घेऊ नका, तो झाकतो. ब्रश विन्सर अँड न्यूटनच्या सिरीज ७ चा ३ नंबर. पोट भरून पाणी धरतो आणि टोक सोडत नाही. महाग आहे, पण एवढ्या मोठ्या ब्रॅक्टवर एका दमात हात मारायला माझ्याकडे दुसरा तोडीचा नाही.

कागदाने मात्र रडवलं. ऑनलाइन मागवलेल्या हॉट प्रेसच्या (गुळगुळीत जलरंग कागदाच्या) गठ्ठ्यातल्या अर्ध्या शीटचं सायझिंग, म्हणजे रंग लगेच शोषू न देणारा लेप, आधीच गेलेलं. रंग टेकवला की टिपकागदासारखा आत. आपल्याकडच्या पावसाळ्यात हे होतंच, म्हणून विक्रेत्याने तरी कोरड्यात ठेवायला हवं. आता प्रत्येक शीटच्या कोपऱ्यात पाण्याचा थेंब टाकून पाहते, आणि उरलेली सिलिका जेलसकट बंद डब्यात.

छोटा आनंद: पिच्छाचं (फळावरच्या केसांच्या झुबक्याचं) डिटेल संपलं. बाहेरची ओळ आखूड, खरखरीत. आतली लांब, पिसासारखी. भिंगाखाली ट्रिपल झीरोच्या बारीक ब्रशने एकेक केस काढला. मूलक्षोडावरचे (जमिनीतल्या खोडावरचे) जुन्या देठांचे काळपट अवशेष ग्राफाइटमध्येच ठेवतेय, तिथे रंग नको.

हे लिहिता लिहिताच मांडणी बदलावीशी वाटतेय. एकच आख्खं झाड ठेवायचं ठरलं होतं. पण पुढचा एक ब्रॅक्ट कापून बाजूला मांडला, तर डावीकडे ब्रॅक्टमधून दिसणारी स्तबकं आणि उजवीकडे तीच उघडी, दोन्ही शेजारी दिसतील. कापलेला ब्रॅक्ट खाली सुटा, स्केल बारसह. दातेरी कडांचं खालचं पान मग थोडं डावीकडे सरकेल. ट्रेसिंग आहेच, नवीन शीटवर उतरवायला वेळ लागणार नाही. हो, असंच करते.

फळं धरलेल्या झाडाचे फोटो अजून कमी पडतायत. सप्टेंबरअखेर तिकडे कोणी जाणार असेल तर शेजारी पट्टी धरून घ्या, झाडाला हात न लावता. पूजेसाठी ऐन फुलात इतकी झाडं खुडली जातात की बी धरलेलं झाड वाटेलगत सापडणंच अवघड. वाटेपासून वर, खडकांच्या बेचक्यांत बघा.