केळीचा कागद आणि भाऊबंदांची नावं

सोमवार

खोडं आली. धाकट्या भावाने मळ्यातून ट्रॉलीत घालून अंगणात लोटली आणि म्हणाला, "घे, ह्या तुझ्या पत्रिका."

केळीचं झाड एकदाच घड देतं. घड उतरला की खोड कापायचं आणि शेजारचं पील वाढवायचं. चोपडा, यावल, रावेर या पट्ट्यात अशी किती खोडं बांधावर सडतात ते इथल्या माणसाला सांगायला नको. तेव्हा माझ्या लग्नाची पत्रिका हातकागदावर करायची, तर तो कागद घरच्या खोडाचाच, हे मी साखरपुड्याच्या दिवशीच ठरवलं होतं. सगळ्या पत्रिका काही अशा होणार नाहीत. पन्नासेक हाताने करायच्या: देवाच्या, व्याह्यांच्या आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या. बाकी सातशे चोपड्याच्या प्रेसमधून.

आज नुसतं सोलणं झालं. बाहेरची सोपटं राठ असतात, आत जावं तसा धागा मऊ आणि पांढरा होत जातो. मी मधली घेतली. अंगावर जुना गाऊन चढवला होता ते बरं, कारण केळीचा चीक कपड्याला लागला की डाग काळपट पडतो आणि कपडा फाटेपर्यंत राहतो.

बुधवार

सोपटांचे इंच-इंच तुकडे केले, धुण्याचा सोडा घातला आणि चुलीवर मोठ्या पातेल्यात शिजवले. दोन-अडीच तासांनी चिमटीत धरून ओढलं की धागा सुटून येतो, तेव्हा उतरवायचं. मग हात बुळबुळीत लागेनासा होईपर्यंत धुवायचं. नुसता केळीचा धागा मिक्सरच्या पात्याला गुंडाळतो, म्हणून त्यात भिजवलेल्या जुन्या वह्यांची पानं घातली. माझ्याच कॉलेजच्या वह्या होत्या. अकाउंट्स अखेर कुठे तरी कामाला आलं.

लगदा टबातल्या पाण्यात ढवळला. लाकडी चौकटीला मच्छरदाणीची जाळी ठोकून ती आडवी बुडवायची, सरळ वर उचलायची, पाणी निथळू द्यायचं आणि जुन्या धोतराच्या फडक्यावर पालथी घालायची. वर दुसरं फडकं, त्यावर दुसरा कागद. सगळा थर दगडी पाट्याखाली दाबला की पाणी निघून जातं. एप्रिलातलं जळगाव जिल्ह्याचं ऊन इतकं कडक की उन्हात ठेवलेला कागद तासाभरात वाळतो, पण कडा वर वळतात. म्हणून ओसरीत, सावलीत. गच्चीवर जिजीच्या, म्हणजे आजीच्या, कुरडया आणि ओसरीत माझे कागद. जिजी येऊन एक हातात धरून बघून गेली. "हाऊ कागद शे का पापड?"

कुरडयांवरून आठवलं. या कागदावर शाई फुटते. हळदीचं बोट लावलं तर तेही पसरतं, आणि पत्रिकेच्या चारही कोपऱ्यांना हळद-कुंकू लावल्याशिवाय ती घराबाहेर जाणार नाही. त्यावर उपाय म्हणजे खळ. गव्हाचा थोडा चीक जिजीकडून मागून घेतला, पातळ शिजवला आणि प्रत्येक कागद त्यातून काढला. वाळल्यावर कागद कडक झाला आणि हळद जागच्या जागी राहिली. हा शोध माझा नाही. घरात कांजी होती, कागद होता, जिजी म्हणाली लावून बघ.

शुक्रवार

मजकूर. पुण्याची मैत्रीण रोज नमुने पाठवते. दोघांची नावं, तारीख, खाली एक बारीक फांदी काढलेली, संपलं. दिसायला सुंदर. मलाही आवडतात. पण तशी पत्रिका आमच्या गावात कुणाच्या हातात दिली तर तो ती उलटून मागची बाजू बघेल आणि विचारेल, बाकीची कुठे आहे?

आमच्याकडे पत्रिका वाचायची एक रीत आहे. वर 'श्री सप्तशृंगी माता प्रसन्न' आहे हे नजरेने बघायचं, वधू-वराची नावं ओलांडायची, मुहूर्ताकडे दुर्लक्ष करायचं (12 वाजून 20 मिनिटांचं लग्न दोनच्या आधी लागलेलं मी तरी पाहिलेलं नाही), आणि बोट सरळ खाली निमंत्रकांच्या यादीवर. मन्हं नाव कोठे शे? ते सापडलं की मग ते कुणाच्या वर आहे आणि कुणाच्या खाली. त्यानंतर 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' च्या खाली आपली नातवंडं.

लोक या यादीची टिंगल करतात. मीही केली आहे, विशेषतः ज्या पत्रिकांवर नवरदेवापेक्षा पुढाऱ्यांचे फोटो मोठे असतात त्यांची. पुढारी आमच्या पत्रिकेत नाहीत, त्यावर आप्पा आणि मी एकमताचे आहोत. पण भाऊबंदांची यादी मी गाळणार नाही. मांडव घालायला, पाणी आणायला, रात्री बट्ट्या वळायला हीच माणसं येणार. मोठे काका तीन वर्षांपासून आप्पांशी बांधाच्या भांडणावरून बोलत नाहीत, पण त्यांचं नाव निमंत्रकांत पहिलं, हे आप्पांनी न विचारता सांगितलं. कागदावर का होईना, ते थोरले आहेत.

म्हणून पत्रिकेचे दोन भाग केले. केळीच्या कागदाचं कार्ड, त्यावर मोजका मजकूर. आणि आत घडी घातलेलं साध्या कागदाचं पान, त्यावर सगळे: आजोळ, काका, आत्या, मामा, कै. म्हणून वर गेलेले आजोबा आणि खाली चिल्लीपिल्ली. मैत्रीण म्हणाली, डिझाइन बिघडलं. बिघडू दे.

शनिवार

नावांचा क्रम लावण्यात आख्खी दुपार. आई, आप्पा, जिजी आणि धाकटी काकू. वहीत लिहायचं, खोडायचं. एरंडोलच्या आत्याचं नाव माहेरच्या यादीत की सासरच्या? जिजीने निकाल दिला: दोन्हीकडे.

अक्षरांबद्दल एक गोष्ट लिहून ठेवते, पुढे चुलतबहिणीच्या लग्नात लागेल. मोबाइलवर टाइप केलेला युनिकोड मजकूर प्रेसमध्ये तसाच देऊ नये. तिथल्या संगणकावर जुने फाँट असतात, त्यात मजकूर बदलून घेताना 'ऱ्या' आणि 'ऱ्हा' तुटतात. एका प्रेसवाल्याने मला जो नमुना काढून दिला त्यात 'वऱ्हाडी' मधला ऱ्हा गायब होता. फाईल घरीच बसवून, फाँट कर्व्ह करून (म्हणजे अक्षरांचं चित्र करून), पीडीएफ न्यायची. आणि नावं छापायच्या आधी घरातल्या सगळ्यात खोडसाळ माणसाला वाचायला द्यायची. आमच्याकडे तो मान धाकट्याचा.

फाँट मी 'तिरो देवनागरी मराठी' घेतला. त्यात ल आणि श आपल्या पाठ्यपुस्तकात असत तसे आहेत. हिंदी वळणाचा ल 'लग्न' शब्दाच्या सुरुवातीला बसला की मला पत्रिका दुसऱ्याच कुणाची वाटते.

मंगळवार

छपाई. हा कागद प्रिंटरमध्ये घालायचा नाही. खरबरीत असल्यामुळे अडकतो, आणि लेझरची पावडर खाचांमध्ये नीट बसत नाही. म्हणून स्क्रीन प्रिंटिंग. चौकटीला ताणलेल्या जाळीवर अंधारात इमल्शन लावायचं, ट्रेसिंगवर काळ्या शाईत काढलेली अक्षरं वर ठेवून ऊन दाखवायचं. जिथे ऊन लागलं तिथे ते घट्ट होतं, अक्षराखालचं पाण्याने धुऊन निघतं. मग शाई ओतून रबराच्या पट्टीने एकदाच, एकसारख्या दाबाने ओढायची.

भिंगातून बघितल्यासारखं एकच अक्षर बघत होते: 'मंगल' वरचा अनुस्वार. पट्टी हळू ओढली तर शाई जास्त उतरते आणि टिंब शिरोरेषेला चिकटतं. जोरात ओढली तर टिंब अर्धंच उठतं. बारीक वेलांट्या कागदाच्या धाग्यावर तुटतात. म्हणून अक्षर 14 पॉइंटच्या खाली न्यायचं नाही आणि फाँट थोडा ठळक करायचा. जिजीचंही म्हणणं तेच होतं, वेगळ्या कारणासाठी. "इतलं बारीक माले दिखत नही."

दुपारी दोन ते चार काम बंद. त्या उन्हात शाई जाळीतच वाळून बसते.

गुरुवार

पहिली पत्रिका पद्मालयाच्या गणपतीला, आप्पा स्कूटरवर देऊन आले. सप्तशृंगीची वणीला जाणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर पाठवली. धुळ्याची व्याह्यांची उद्या. नवरदेवाचा फोन आला होता, त्याच्या काकांचे तीन जण वाढवायचे आहेत. नावांच्या पानात वाढवता येतात. बरं झालं, ते पान वेगळं ठेवलं.

अक्षता कुंकवात रंगवून वाळत घातल्या. पुड्या उरलेल्या केळीच्या कागदाच्या, कोपऱ्यावरच्या फाटक्या तुकड्यांच्या.

आखाजी (अक्षय्य तृतीया)

घर भरलं. आत्या, चुलतआत्या, सगळ्या माहेरी आल्या. कडुनिंबाला झोका बांधलाय, सांजोऱ्या झाल्या, घागर भरून झाली. पत्रिका आजपर्यंत तयार हव्या होत्या त्या यासाठीच. आत्यांच्या सासरी आप्पा स्वतः जाणार, पण त्यांच्या गावातल्या इतर घरांच्या पत्रिका त्याच घेऊन जाणार.

एरंडोलच्या आत्याने केळीचं कार्ड हातात घेतलं, उलटसुलट केलं, वास घेतला. "झाडाचंय का हे?" म्हणाली आणि बाजूला ठेवलं. मग आतलं पान उघडलं. चष्मा लावला. बोट खाली जात होतं, एका ठिकाणी थांबलं, मग पुन्हा वर जाऊन दुसऱ्या ठिकाणी थांबलं. दोन्हीकडे सापडलं.

मग तिने आणखी पंधरा मागितल्या. हातच्या संपत आल्या होत्या, तेव्हा छापील देऊ का विचारलं. ती म्हणाली, छापील दे, नावं तीच आहेत ना?

तीच आहेत. पंधरा मोजून दिल्या. अंतरपाटाचं कापड अजून आणायचंय, आणि त्यावर स्वस्तिक मी काढायचं की काकूने, हे काकूने आजच ठरवून टाकलंय.