आजीने ओळखलेला तक्ता

"का, कि, कु, के, को. सा, शि, सु, से, सो." दुपारी मोठ्याने हिरागाना ही जपानी लिपी घोकत होते. शेंगा सोलता सोलता आजी म्हणाली, "बाराखडीच की गं ही! आता त येईल बघ."

खरंच त आला! मग न, ह, म, य, र, व.

शोधलं तेव्हा कळलं, ४६ अक्षरांच्या या तक्त्याच्या क्रमावर संस्कृत वर्णमालेची छाप आहे. बौद्ध भिक्षूंच्या सिद्धम् लिपीच्या (संस्कृत लिहायची एक जुनी लिपी) अभ्यासातून ती जपानमध्ये पोचली. आपल्या 'च'च्या जागी 'स' आहे, कारण जपानी 'स'चा तेव्हाचा उच्चार च-त्सच्या जवळचा असावा, असं अभ्यासक मानतात.

सुट्टीभर ॲपवर एकटीच शिकतेय, पण हे ॲपने कधी सांगितलं नाही. आजीला मात्र ऐकूनच कळलं.

कॉलेज उघडायच्या आत काताकाना ही जपानीची दुसरी लिपी संपवायचीय. सिद्धम् शिकायचं असेल तर सुरुवात कुठून करू?