तुम्ही विचारलंत म्हणून: हा बेडूक कुठला?

"मॅडम, हा बेडूक कुठल्या जातीचा?" पावसाळा लागला की सांगली-मिरजेकडून हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी येतो. मी प्राणिशास्त्र शिकवते, त्यामुळे माझा नंबर हातोहात फिरतो. सोबत फोटो असतो, बहुतेक वेळा पाठीचा. बेडूक घरात काचेच्या पेटीत आलेला असतो आणि पोरांनी त्याचं बारसंही केलेलं असतं.

यंदा सविस्तर उत्तर देते. कारण शेतातल्या बेडकाला नावाची गरज नसते, पण पाळलेल्या बेडकाचं नाव चुकलं तर तो उपाशी मरू शकतो.

दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये कवठेमहांकाळकडचे एक दादा मुलाला घेऊन घरी आले. डब्यात ओली माती आणि तिच्यावर मोठ्या लिंबाएवढा गोल गरगरीत बेडूक. पाठ गुलाबीसर तपकिरी, तिच्यावर गडद नक्षी. द्राक्षबागेत ठिबकची नळी दुरुस्त करायला माती उकरली, तेव्हा सापडलेला. पोरानं मोबाईलवर शोधून नाव ठरवलं होतं: पॅकमॅन फ्रॉग. "अर्जेंटिनाचा हाय मॅडम. कुणीतरी पाळून सोडला असणार. पण पाच दिवस झाले, काय खाईनाच बघा." झुरळं टाकून झाली होती, गांडुळाचे तुकडे टाकून झाले होते.

गफलत होण्यासारखीच होती. दोघंही गोल, नक्षीदार, मातीत पुरून घेणारे. पण तोंड बघा. पॅकमॅनचं डोकं म्हणजे जवळजवळ नुसता जबडाच. तो दबा धरून बसतो आणि उंदराचं पिल्लूसुद्धा गिळतो. डोळ्यांवर शिंगासारखी टोकं असतात. या डब्यातल्या बेडकाचं तोंड इतकं लहान, की झुरळ आत जाणार कुठून?

मग मी हात ओले करून (साबणाचा, मिठाचा हात बेडकाला कधीही लावू नका, त्याची कातडी सगळं शोषते) त्याला अलगद उलटा केला आणि मागच्या पायाचा तळवा पोराला दाखवला. टाचेशी दोन कडक, धारदार उंचवटे, खुरप्याच्या पात्यासारखे. एक मोठा, एक लहान. आपल्याकडे माती उकरणारा आणखी एक बेडूक आहे, स्फिरोथेका. त्याला असं पातं एकच असतं, आणि डोळ्यामागे कानाचा गोल पडदा स्पष्ट दिसतो. इथे पाती दोन, कान दिसत नाही, तोंड चिमुकलं. म्हणजे हा युपेरोडॉन सिस्टोमा, इंग्रजीत बलून फ्रॉग. १७९९ साली शास्त्रीय नाव मिळालेला, पूर्णपणे आपल्या मातीतला. वर्षातला बहुतेक काळ जमिनीखाली काढतो, पहिल्या मोठ्या पावसात वर येतो, आणि नर फुग्यासारखे फुगून पाण्यावर तरंगत ओरडतात.

त्याचं जेवण वाळवी आणि मुंग्या. परसातलं वाळवी लागलेलं एक लाकूड आणून मी डब्यात झटकलं आणि दिवा मालवला. थोड्या वेळानं टॉर्चच्या मंद उजेडात बघितलं, तर बेडूक जागचा न हलता पुढ्यातली एकेक वाळवी टिपत होता. पोरगा श्वास रोखून बघत होता. पोट भरल्यावर बेडकानं मागचे पाय चालवले आणि तसाच मागं मागं सरकत, जागच्या जागी फिरत मातीत उतरला. शेवटी दोन डोळे उरले. मग तेही गेले.

रंगावर मात्र विसंबू नका. ऑस्ट्रेलियाचा व्हाइट्स ट्री फ्रॉग हिरवागार असतो, पण त्याच्या शास्त्रीय नावात 'निळा' असा शब्द आहे. कारण १७९० मध्ये त्याचं वर्णन झालं, ते मद्यार्कात ठेवलेल्या नमुन्यावरून. मद्यार्कात कातडीतलं पिवळं रंगद्रव्य निघून गेलं आणि निळा उरला. आपल्या न्हाणीघरात येणारा झाडबेडूकही दिवसभरात फिकट-गडद होतो. त्याचं दुसरं रूप बघून अनेकांना वाटतं, दुसराच बेडूक आला. बोटांच्या टोकांच्या चकत्या आणि मांडीच्या मागच्या बाजूचे पिवळे ठिपके बघितले की शंका उरत नाही.

दुकानातून आणलेल्या बेडकाचं मला अवघड जातं. कुठे सापडला, हा ओळखण्यातला निम्मा धागा तिथे तुटलेला असतो, आणि पॅकमॅनच्या तर दोन जातींचे संकरही विकले जातात. अशा वेळी मी 'सेराटोफ्रिस' (पॅकमॅनच्या सगळ्या जातींचं सामाईक शास्त्रीय नाव) एवढंच सांगते, पुढे रेटत नाही. आणि एक विनंती करते: कंटाळा आला म्हणून त्याला कृष्णाकाठी सोडू नका. परक्या बेडकांबरोबर कातडीचा बुरशीचा रोग येतो, त्यानं जगभर बेडकांच्या जातीच्या जाती संपवल्यात. आपला डराव डराव करणारा मोठा बेडूकसुद्धा अंदमानात पोहोचला, तर तिथे त्याचे बेडूकमासे स्थानिक बेडकांची पिल्लं खातात.

दादांचा बेडूक तिसऱ्या दिवशी पाऊस झाल्यावर त्याच बागेत, त्याच ओळीत सोडला. पोरानं जागेवर खूण म्हणून ठिबकच्या नळीला लाल दोरा बांधलाय.

आज सकाळी तासगावहून नवा फोटो आलाय. पाठीचाच. मी लिहिलं, "कुठे, कधी सापडला ते कळवा, समोरून तोंड दाखवा, आणि मागच्या पायाचा तळवा."